यकृतातलं बिऱ्हाड

“वा! काय देखणं आहे हो!” ती मोठ्यानं म्हणाली.

मायक्रोस्कोपच्या पलीकडच्या बाजूला डोळे लावून बुवा बसले होते. बुवा म्हणजे तिच्याच हुद्द्याचे, तिच्याच खोलीत बसणारे पॅथॉलॉजिस्ट. डोक्यावर एक केस नाही, आणि जेवण झालं की खुर्चीत पाठ ताठ करून डोळे मिटून बसायची सवय, म्हणून बुवा. हे नाव आता इतकं मुरलंय की त्यांच्या बायकोचा फोन आला तरी ती ‘बुवा आहेत का’ असंच विचारते. दोघांत मिळून मायक्रोस्कोप एकच, त्याला समोरासमोर डोळे लावायच्या दोन जागा, आणि दोघांचा नेमही एकच : आधी डोळे, मग कागद. त्यांना शिकवणाऱ्या सरांनी घालून दिलेला. ट्रेमधली काच उचलायची, चिठ्ठीवरचं नाव-वय-तक्रार काही वाचायचं नाही, सरळ बघायचं, दिसेल ते तोंडानं बोलायचं, आणि मगच कागद उघडायचा. ‘आधी कागद वाचलात तर काचेवरसुद्धा कागदच दिसेल’, असं सर म्हणायचे. सर जाऊनही बरीच वर्षं झाली, पण नेम काही सुटला नाही. त्याच नेमानं बुवांनी आज सकाळी ट्रेमधली पहिली काच न वाचता लावली आणि त्याच नेमानं ती वा म्हणाली. आणि होतंच तसं, त्याला कोण काय करणार? सुईनं काढलेला यकृताचा तुकडा, दोऱ्याएवढा. गुलाबी, जाडजूड, कामसू पेशींच्या ओळी. आणि मध्येच, काही म्हणता काही संबंध नसताना, आतड्यातल्या ग्रंथी. गोल गोल कडी. उंच पेशी एकमेकींना चिकटून उभ्या, बहुतेकींचं केंद्रक तळाशी, आणि कड्याच्या मधोमध रिकामी जागा. जराशा वाकड्या होत्या, दाटीवाटीनं बसल्या होत्या, पण आतड्यात बसतात तशाच. कुठलं आतडं आणि कुठलं यकृत! एवढ्या लांब येऊन, परक्या मुलखात या मंडळींनी आपल्या गावाकडचं घर जसंच्या तसं उभं केलं होतं, अंगणासकट.

बुवांनी काच काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि चिठ्ठी वाचली. “अगं,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत बुवांनी तिला अहोजाहोशिवाय कधी हाक मारली नव्हती. त्या एका ‘अगं’नंच तिनं डोळे मायक्रोस्कोपवरून काढले. चिठ्ठी तिनं नंतर बघितली. त्यावर आडनाव तिचंच होतं.

तिचं म्हणजे लग्नानंतरचं. नणंदेचं ते जन्मापासूनचं, कारण नणंदेनं लग्न केलं नाही. ‘नवरा म्हणजे आणखी एक विद्यार्थी, तोही कायम नापास’, असं ताई स्वतःच सांगतात आणि स्वतःच हसतात. ताई शाळेत व्यायाम शिकवायच्या. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या मुलीला खाली बसवेल असा आवाज, आणि तो आवाज निवृत्त मात्र झालेला नाही. शेजारच्यांनी नळ चालू ठेवला तरी ताईंच्या एका हाकेनं बंद होतो. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा पहिलं वर्षभर दोघींचं खिडकीवरून वाजलं. ताईंना थंडीतसुद्धा खिडकी सताड उघडी हवी आणि तिला ती बंद हवी, आणि मध्ये तिचा नवरा, बिचारा, अर्धी खिडकी उघडून दोघींच्या शिव्या खायचा. मग तोच गेला, एका दुपारी ऑफिसच्या जिन्यात छाती धरून. लोकांना वाटलं, आता या दोघींचं काय एकत्र राहणं, दुवाच निखळला, होतील वेगळ्या. भेटायला आलेल्या दूरच्या काकूंनी तर ताईंना तोंडावर विचारलं, ‘मग तू आता कुठे?’ ताई म्हणाल्या, ‘कुठे म्हणजे? आधी खिडकी उघडते, फार गर्दी झालीय इथे.’ त्या दिवशी खिडकी उघडी राहिली आणि पुढेही राहिली. दोघींचं रक्ताचं नातं नाही, नाक सारखं नाही, रंग सारखा नाही, एक धागासुद्धा दोघींच्या अंगात सारखा विणलेला नाही. तरी बाजारात लोक बहिणी समजतात, आणि ताई कुणाला दुरुस्त करत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी ताईंच्या मोठ्या आतड्यातली गाठ काढली. तेव्हाही त्यांचंच चाललं होतं. शुद्धीवर आल्या आल्या विचारलं, ‘तुकडा कसा निघाला गं, डॉक्टरीणबाई? बघण्यासारखा आहे का नुसताच?’ आणि तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या बायकांना खाटेवर बसवून दीर्घ श्वास घ्यायला लावत होत्या. रिपोर्ट बुवांनी केला, आपल्या माणसाचं आपण बघायचं नाही म्हणून. काही महिने औषधं झाली, तपासण्या बऱ्या येत राहिल्या. आणि गेल्या पंधरवड्यात यकृतावर एक सावली दिसली. साधी गाठही असू शकते, सर्जन म्हणाले, नसूही शकते, तुकडा बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. ताईंनी तिथल्या तिथे बजावलं होतं. ‘काय असेल ते तू सांगायचं. त्या माणसाचं तोंड बघितलं की मला आधीच आजारी वाटतं. आणि ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी. गोड करून नाही. साखर मला तशीही बंद आहे.’ तुकडा उद्या यायचा होता. तो एक दिवस आधी आला, आणि नेम म्हणून न वाचता लावला गेला, आणि ती त्याला वा म्हणाली. जिच्याबरोबर एका घरात केस पांढरे झाले तिच्या मरणाला वा म्हणाली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं तोंडावर हात ठेवला, शाळकरी पोरीसारखा.

“मला सुचलंच नाही,” बुवा म्हणाले. “नाव वाचलं असतं तर...”

“आपण कधी वाचतो का?” ती म्हणाली. आणि मग तिच्या तोंडून जे निघालं ते तिचं तिलाच अनोळखी वाटलं. “बुवा, पाहुणा असेल हो.”

पाहुणा हा त्यांच्या खात्यातला शब्द. तुकडा मेणात बसवून त्याचा ठोकळा करतात, मग त्या ठोकळ्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतात, काप कोमट पाण्यावर तरंगवतात आणि खालून काच घालून अलगद उचलतात. त्या पाण्यात आधीच्या पेशंटचं एखादं कुसपट राहिलं असलं, तर तेही बिनबोलावता काचेवर चढून बसतं. तोच पाहुणा. फसलेला नाही असा माणूस या धंद्यात नाही. एकदा एका आजोबांच्या घशाच्या तुकड्यात गर्भाशयाचं अस्तर निघालं होतं, आणि सगळं खातं दोन दिवस पोट धरून हसत होतं. आज सकाळी ताईंच्या आधी कुणाचं तरी आतडं कापलं गेलं असेल, त्यातलं कुसपट तरंगत राहिलं असेल. का नसेल? असतं की. पण खरं सांगायचं तर तिला माहीत होतं. पाहुणा वरच्यावर बसतो, घरातल्यांशी त्याचं काही देणंघेणं नसतं. इथे त्या कड्यांभोवती यकृतानं चिवट धाग्यांचं कुंपण घालायला घेतलं होतं, म्हणजे घरातल्यांना कळलं होतं की कुणीतरी राहायला आलंय. हे तिनं विद्यार्थ्यांना शंभरदा शिकवलं होतं. तरी ती उठली आणि काप काढणाऱ्या मामांकडे गेली.

“पाहुणा? माझ्याकडे?” मामांनी चष्मा कपाळावर चढवला. “मॅडम, पाणी मी स्वतः बदललंय. हवं तर सगळ्यांना विचारा.”

“मला माहितेय, मामा. तरी त्याच ठोकळ्याचे आणखी खोल काप काढा. आणि एकावर डिंकाचा रंग करा. दोन वर्षांपूर्वीचा आतड्याचा ठोकळा आहे, त्याच्यावरही करा.”

“कुणाचं एवढं?”

“माझ्या नणंदेचं.”

मामांनी चष्मा खाली ओढला. रागावलेला माणूस एकदम मऊ झाला की त्याला हात कुठे ठेवावेत कळत नाही, तसं त्यांचं झालं. “दुपार उलटेल,” ते म्हणाले. “पण करतो. तुम्ही बसा जाऊन, इथे उभ्या राहू नका.”

ती जाऊन बसली. बुवांनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली, साय सुरकुतली. समोर इतरांच्या काचा होत्या, त्या तिनं बघितल्या, बरोबर बघितल्या, हाताला आणि डोळ्यांना सवय असते. पण मन त्या कड्यांभोवती फिरत राहिलं. डिंक हाही त्यांचाच शब्द. पेशी पेशीला जे प्रथिन धरून ठेवतं, त्याचा रंग, तपकिरी. जिथे डिंक असेल तिथे प्रत्येक पेशीच्या कडेला तपकिरी रेघ उमटते. पदवीसाठी तिनं हाच विषय घेतला होता, आतड्याच्या गाठींच्या कडा. गाठीच्या मध्यावर पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, रेघा ठसठशीत. आणि अगदी कडेला, जिथे गाठ पुढे सरकत असते, तिथे एकटीदुकटी पेशी सुटलेली दिसते, आणि तिच्या अंगावर रेघ नसते. तेव्हा ती तरुण होती, तिला वाटलं होतं तिथे काहीतरी मोडलंय. जीन तुटलाय, म्हणून डिंक होत नाही, म्हणून पेशी सुटते, सरळ हिशेब. ती घाईघाईनं सरांना सांगायला गेली. सर संत्रं सोलत होते. ‘मोडलंय हे तू बघितलंस?’ सरांनी विचारलं. ‘स्वयंपाकघरात डबे किती असतात? सगळे रोज उघडतेस का? प्रत्येक पेशीत जीनांची सगळी फळी असते, बाई. यकृताच्या पेशीतसुद्धा आतड्याचे सगळे डबे आहेत, भरलेले. फक्त त्यांची झाकणं लागलेली. तुझ्या त्या सुट्या पेशीतला डिंकाचा डबा फुटलेला नाही. कुणीतरी झाकण लावून वर बसलंय.’ आणि संत्र्याची एक फोड तिच्या हातावर ठेवली. त्या दिवशी ती घरी चालत गेली, बस सोडून. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडे बघत होती. याच्या कातड्यात याचा मेंदू मिटलेला आहे, याच्या नखात याचं हृदय. आपण काय आहोत हे आपल्याकडे काय आहे यावर ठरत नाही, काय उघडं आहे यावर ठरतं! तिला इतकं भरून आलं होतं की एका फळवाल्यानं विचारलं, बाई, बरं आहे ना?

ते भरून येणं नंतर कमी झालं नाही, हीच तर गंमत. वर्षं गेली, नवरा गेला, सर गेले, पण काचेवर त्या सुट्या पेशी दिसल्या की अंगावर काटा यायचाच. कारण पुढे तिला कळलं की झाकण लावणारे ते हात काही आजारानं घडवलेले नाहीत. आईच्या पोटात आपण तांदळाएवढे असतो तेव्हा हेच हात कामाला असतात. तेव्हाही पेशी एकमेकींचा हात सोडतात, एकट्या चालत जातात, योग्य ठिकाणी पोचून थांबतात, पुन्हा हात धरतात, आणि त्यातून जबडा होतो, पाठीचे मणके होतात, चेहरा होतो. ताईंचा तो दणकट जबडासुद्धा असाच कुणीतरी चालत जाऊन बांधलेला. मग ते हात निजतात, जन्मभर. आणि एखाद्या आतड्याच्या एखाद्या कोपऱ्यात कुणीतरी त्यांना भलत्या वेळी उठवतं. म्हणजे आपल्याला मारणारं आणि आपल्याला घडवणारं एकच. हे माहीत असून माणसानं काय करायचं? हात जोडायचे की दात ओठ खायचे? सुट्या पेशींचं तिनं ताईंनाही तेव्हाच सांगितलं होतं, बुवांच्या रिपोर्टात होतं तसं. ताई म्हणाल्या होत्या, ‘रांग सोडून पळणारी पोरं होय! ती पुढे काहीतरी करून दाखवतात बघ.’ तेव्हा दोघी हसल्या होत्या. मेलं, हसण्यासारखं काय होतं त्यात?

मामांनी स्वतः ट्रे आणून ठेवला, मान खाली घालून, आणि लगेच गेले. बुवा म्हणाले, “मी एकटा बघतो.” ती म्हणाली, “नको. आता नाव वाचूनच बघू.” खोल काप आधी लावले. पाहुणा असता तर दुसऱ्या कापात नाहीसा झाला असता. तो नाहीसा झाला नाही. कडी वाढली होती, एकाशेजारी एक, पुरी वस्ती. तिच्या मनात सकाळपासून टांगून ठेवलेलं काहीतरी खाली आलं आणि आवाजसुद्धा झाला नाही. मग तिनं रंगवलेलं आतडं लावलं. गाठीच्या कडेला त्या होत्या, दोन वर्षांपूर्वीच सुटलेल्या, एक इथे, तीन तिथे, अंगावर रेघ नाही, फिकट, कुणाचा हात धरलेला नाही. आणि मग यकृत. यकृतात त्या कड्यांतल्या प्रत्येक पेशीच्या कडेला तपकिरी रेघ होती. ठसठशीत. कुणी पुसली नव्हती असं वाटावं इतकी. सुटताना झाकण लावलं, रक्तातून एकटीनं प्रवास केला, काळोखात, रेट्यात, बरोबरच्या हजारो मेल्या असतील, आणि इथे टेकल्यावर झाकण उघडलं. परत डिंक केला, परत एकमेकींना धरलं, परत कडं करून बसल्या. कुणी सांगितलं त्यांना? ना डोळे, ना मेंदू. घर कसं असतं हे त्या विसरल्याच नव्हत्या, फक्त तेवढ्यापुरतं मिटून ठेवलं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते कशाचं होतं हे तिला खरोखर सांगता आलं नसतं. दुःख होतं, संताप होता, आणि या सगळ्याच्या वर, लाज वाटूनही न जाणारं, ते जुनं थक्क होणं होतंच.

“रुमाल आहे का?” बुवांनी विचारलं. आणि स्वतःचाच पुढे केला. मग दारावर टकटक झाली, म्हणजे टकटक कसली, थाप.

“घरी बसवेना,” ताई दारातून म्हणाल्या. “म्हटलं, हिला बरोबर घेऊनच घरी जावं. काय बुवा, बरे ना? वजन वाढलंय तुमचं.” मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. पोरींचे चेहरे वाचण्यात आयुष्य गेलेलं, त्यांना काय वेळ लागणार? त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली, बसल्या. “आलं वाटतं.”

बुवा उठून बाहेर जायला लागले. ताईंनी त्यांना हातानंच बसवलं.

“पसरलंय, ताई,” ती म्हणाली. “आतड्यातलंच आहे. यकृतात आलंय. मी दोनदा बघितलं. चूक असावी म्हणून पुन्हा कापून घेतलं, पण चूक नाही.”

ताईंनी मान हलवली. एकदा, मग आणखी एकदा. दुसऱ्यांदा हलवताना त्यांनी खालचा ओठ दातानं धरला. “किती दिवस?”

“ते आम्हाला काचेवर दिसत नाही. एकाच जागी असलं तर कापूनही काढतात. औषधंही आहेत. बरं होईलच असं मी म्हणणार नाही.”

“नकोच म्हणू.” ताई स्वतःच्या हाताकडे बघत बसल्या, पालथा केला, उताणा केला. मग म्हणाल्या, “तू रडलीस का?”

“हो.”

“माझ्यासाठी?”

खोटं बोलणं सोपं होतं. “तुमच्यासाठी,” ती म्हणाली, “आणि... ताई, सकाळी मला माहीत नव्हतं तुमचं आहे म्हणून. मी ते बघून वा म्हणाले. मोठ्यानं. बुवांना विचारा. इतकं देखणं होतं ते. आणि आत्ता, माहीत असूनसुद्धा, पुन्हा तसंच वाटलं. मला माफ करा.”

ताईंनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. आता त्या ओरडणार असं तिला वाटलं, आणि ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “माझ्या अंगात इतकं काहीतरी आहे की तुझ्यासारखी दगड बाई वा म्हणते,” ताई म्हणाल्या, “आणि ते मला सोडून सगळ्या दवाखान्यानं बघितलं. हा कुठला न्याय? सरक.”

चष्मा काढून त्यांनी डोळे लावले. “काही दिसत नाही. काळं काळं हलतंय.”

“त्या तुमच्या पापण्या. जरा मागे या. दोन्ही डोळे उघडे ठेवा.”

“ठेवलेत.” त्या गप्प झाल्या, आणि ताई गप्प झाल्या की खोली केवढी मोठी वाटते हे तिला पहिल्यांदा कळलं. बुवांनी उठून जागा दिली, आणि ती पलीकडच्या बाजूला बसली. दोघींसमोर तेच होतं. उजेडाचं एक गोल मैदान, त्यात फिकट निळ्या ठिपक्यांच्या ओळी, आणि मध्ये तपकिरी रेघांची नाजूक कडी, एकात एक हात गुंफून बसल्यासारखी.

“अगं बाई,” ताई हळूच म्हणाल्या. इतक्या हळू त्या बोलू शकतात हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. “हे सगळं त्या सुईएवढ्या तुकड्यात? आणि रंगवलंय कुणी?”

“रंग आमचा. घडण त्यांची.”

मायक्रोस्कोपमध्ये दाखवण्यासाठी एक बारीक हिरवा बाण असतो, तो तिनं फिरवायला सुरुवात केली. विद्यार्थ्यांना दाखवते तसं तिनं सांगितलं, हे यकृत, या ओळी बघा, हे रात्रंदिवस राबणारं. आणि हे गोल गोल, हे आतड्याचं, हे चालत आलेलं. सांगताना आवाज नीट राहिला. ताई बाणामागोमाग जात होत्या, मान जराही न हलवता.

“आणि यातलं माझं कुठलं?” ताईंनी विचारलं.

तिनं बाण यकृताच्या ओळींकडे नेला. मग तिचा हात थांबला. बाण तिथून निघाला, कुंपणावरून सरकला, कड्यांपाशी आला, तिथेही टेकेना, आणि उजेडाच्या मध्यावर येऊन नुसता उभा राहिला.

“सगळंच,” ती म्हणाली. “सगळं तुमचंच आहे, ताई.”

ताईंनी डोळे काढले नाहीत. टेबलाखालून त्यांचा हात चाचपडत आला आणि तिचं मनगट त्यांनी घट्ट धरलं.

“मग घाई करू नकोस,” त्या म्हणाल्या. “बघू दे मला.”